झिजलेली खाच

माझा मोठा भाऊ हडपसरला राहतो आणि मी नारायण पेठेत. मधलं अंतर दहाएक किलोमीटरचं, पण गेली कित्येक वर्षं आम्ही ते दिवाळी, लग्नकार्यं आणि मयती एवढ्यापुरतंच ओलांडत आलो. भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलं असतं, निदान कोणीतरी मध्यस्थी करायला आलं असतं. आमच्यात जे होतं त्याला नाव नव्हतं, आणि ते फक्त मला एकट्याला माहीत आहे अशी माझी समजूत होती.

मागच्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी दादाचा फोन आला. दादा स्वतःहून फोन करत नाही. वहिनी करते आणि ‘घ्या, बोला’ म्हणून त्याच्या हातात देते. त्यामुळे थेट त्याचा आवाज ऐकून मला आधी धस्स झालं.

“गिरणीची शेड पाडायची हाय,” तो म्हणाला. “पोरांनी बिल्डरला सह्या दिल्यात. गुढीपाडवा झाला की मशीन येतंय पाडायला. आत इंजिन हाय. तुला पाह्यजे का? न्हायतर भंगारवाला बघून गेलाय.”

“चालू होईल का ते?” मी विचारलं.

“झालं तर मलाबी सांग,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

हे इंजिन म्हणजे आमच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीचं. हडपसर गाव होतं तेव्हाची ही गोष्ट. वडिलांनी ते एका गुऱ्हाळवाल्याकडून जुनंच घेतलं होतं. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना माझ्या छातीएवढी उंच चाकं, वर पाण्याची उघडी टाकी, आणि परदेशी कारखान्याची पितळी पट्टी. मी पुढे चौतीस वर्षं इंजिनांच्याच कारखान्यात टेस्टिंगला काढली. हजारो इंजिनं कानाखालून गेली, पण या घडणीचं दुसरं इंजिन मला कधी दिसलं नाही. निवृत्त झाल्यावर जुन्या इंजिनांच्या वेडाने पछाडलेल्या लोकांच्या एका व्हॉट्सॲप गटात मी आहे. पुढे पट्टी साफ केल्यावर तिथे तिचा फोटो टाकला, तर एकाने फक्त छापील चित्रात पाहिल्याचं कळवलं आणि दुसऱ्याने ‘कुठे आहे, आत्ता येतो’ असं लिहिलं. मी पत्ता दिला नाही. त्याला इंजिन हवं होतं. मला काय हवं होतं ते त्या गटात लिहिण्यासारखं नव्हतं.

मी दादाला सांगितलं, पाडव्याच्या आत चालू करून दाखवतो.

“चालू करून काय दळणार?” दादाने विचारलं.

माझी बायको अस्सल पेठेतली, आम्ही राहतो तीही तिच्या माहेरची इमारत. ती एवढंच म्हणाली, “चौतीस वर्षं तुमच्या कपड्यांचा डिझेलचा वास काढला मी. निवृत्त झालात तेव्हा वाटलं, सुटले. असो. जुने शर्ट तिकडेच ठेवायचे, घरात आणायचे नाहीत.” ‘असो’ हा शब्द आमच्या पेठेत पूर्णविरामासारखा वापरतात, त्यामुळे पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मला काय हवं होतं ते सांगायचं तर हे इंजिन सुरू कसं करतात ते आधी सांगायला लागेल.

त्याला बटण नाही की चावी नाही. चाकाच्या दांड्यात लोखंडी हँडल अडकवायचं आणि हाताने गरगर फिरवायचं. पण सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असेल तर पैलवानालाही ते फिरवता येणार नाही. म्हणून वर एक लिव्हर असते. ती उचलून धरली की आतली हवा बाहेर पडत राहते आणि चाकं हलकी फिरतात. चाकांनी पुरेसा वेग घेतला की लिव्हर सोडायची. मग हवा कोंडते, डिझेल पेटतं, इंजिन धरतं. यासाठी माणसं दोन लागायची. एक फिरवणारा आणि एक लिव्हर धरणारा. कधी सोडायचं ते फिरवणाऱ्याने ओरडून सांगायचं, “सोड!” त्याच्या आधी धरणाऱ्याने बोट हलवायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. कारण वेग नसताना लिव्हर सुटली तर आतला स्फोट चाकाला उलटा मागे फेकतो आणि हँडल फिरवणाऱ्याच्या हातावर येतं. हँडल धरताना मूठ वळायची नाही, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. म्हणजे उलटा झटका आलाच तर हँडल हातातून निसटून जातं.

आमच्याकडे दादा फिरवायचा आणि मी लिव्हर धरायचो. मी सतरा वर्षांचा होतो, तो एकवीसचा. त्या आठवड्यात त्याला शहरातल्या एका इंजिन कारखान्यातून पत्र आलं होतं, उमेदवारीसाठी बोलावणं. घरात साखर वाटली. वडील त्याला म्हणाले, “तू जा बिनघोर, गिरणी धाकटा बघंल.” धाकटा म्हणजे मी. मी नुकताच कॉलेजात जायला लागलो होतो. मला कोणी विचारलं नाही. दादानेही विचारलं नाही, तो आपला खुशीत होता आणि शीळ घालत होता. त्या शिळेचा मला फार राग आला, हे मला आज लख्ख आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिरवत होता आणि मी लिव्हर धरून उभा होतो. बाहेर दळणाच्या पिशव्या घेऊन चार-पाच बायका थांबलेल्या. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला, त्याने ‘सोड’ म्हणायच्या आत, माझी बोटं ढिली झाली.

झाली की मी केली? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारत आलो आहे आणि उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याचा हात मोडावा असं मला वाटत नव्हतं. त्याला एक हिसका बसावा, शीळ थांबावी, एवढंच वाटत होतं. पण ते वाटत होतं, आणि बोटं माझी होती.

इंजिन उलटं फिरलं. हाड मोडल्याचा आवाज मला आला नाही, दादाचा आला. वडील धावत आले तेव्हा दादा जमिनीवर बसला होता, उजवा हात पोटाशी धरून. वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, “अंगठा माझाच चुकला. मूठ वळली.”

गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. दादाचा उजवा तळहात तेव्हापासून वर वळत नाही. पालथा हात पालथाच राहतो. देवळात त्याला तीर्थ डाव्या हातावर घ्यावं लागतं आणि दर वेळी कोणीतरी अनोळखी माणूस त्याला टोकतो, “अहो, उजवा हात पुढे करा.” दादा काही सांगत बसत नाही. तीर्थ न घेताच पुढे सरकतो. मी त्याच्या मागे रांगेत असताना हे दोनदा झालेलं आहे.

असा हात घेऊन कारखान्यात कोण घेणार? तो गिरणीतच राहिला. मी कॉलेज पुरं केलं आणि चार वर्षांनी त्याच कारखान्याच्या त्याच दारातून आत गेलो. लिव्हरला मात्र त्याने मला पुन्हा कधी हात लावू दिला नाही. तो डाव्या हाताने फिरवायला शिकला. लिव्हर आधी वडील धरायचे आणि पुढे त्याचं लग्न झाल्यावर वहिनी. हळदीच्या अंगाने आलेली वहिनी आठव्या दिवशी गिरणीत लिव्हरवर उभी होती. मी सुट्टीच्या दिवशी गेलो आणि सवयीने पुढे झालो तर दादा म्हणायचा, “ऱ्हाऊ दे. ती धरंल.” आवाजात राग नसायचा. राग असता तर बरं झालं असतं.

तर मला हवी होती ती ती लिव्हर. दादाने एकदा ‘धर’ म्हणावं, एवढंच. बासष्टाव्या वर्षी हे कोणाला सांगायचीही लाज वाटते.

डिसेंबरपासून मी आठवड्यातले चार दिवस बसने हडपसरला जायला लागलो. आता तिथे आयटी पार्कं, पूल, टॉवर आणि त्यांच्या मधोमध दादाचं घर. मागे पत्र्याची शेड. वरच्या खोल्यांत विदर्भातून नोकरीला आलेली मुलं भाड्याने राहतात. त्यांतला एक पहिल्याच दिवशी डोकावून म्हणाला, “काका, सॉलिड व्हिंटेज पीस आहे हा! रील बनवू का?” दादा त्याला म्हणाला, “बनीव. आधी त्याच्यावरची पोती उचलू लाग.” तो पुन्हा फिरकला नाही.

पोत्यांखाली इंजिन मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट निघालं. दळण विजेच्या मोटारीवर गेल्यापासून, म्हणजे पंचवीसेक वर्षं, त्याला कोणी हात लावला नव्हता. पाण्याच्या टाकीत उंदरांनी घर केलं होतं. पितळी पट्टीवरची अक्षरं जुन्या हळदीकुंकवाने बुजलेली, कारण दर खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची आणि हळदकुंकू नेमकं त्या पट्टीवरच लागायचं. मी टोकदार काडीने ती अक्षरं कोरून काढली. कुंकवाचे थर निघत होते आणि कुठल्या थराच्या वेळी वडील होते, कुठल्या थरापासून नव्हते, असलं काहीतरी मनात येत होतं. चाक तर जागचं हलेना. आतला पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटून बसला होता.

मी सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि वाट पाहायला लागलो. रोज जायचं, चाकाला जोर लावून बघायचं, पुन्हा ओतायचं. दादा दारात पालथ्या डब्यावर बसून असायचा. मदत नाही, सल्ला नाही. वहिनी दोघांना चहा आणून द्यायची आणि आमच्याकडे आळीपाळीने बघून निघून जायची. असे पाच आठवडे गेले. मी लाकडी ठोकळा लावून घणाने ठोकलं, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. टेस्टिंगची चौतीस वर्षं आणि त्यांचा तोरा, सगळं त्या पिस्टनने पाण्यात घातलं.

एक दिवस मी चाकाच्या आऱ्याला लोंबकळत असताना दारातून आवाज आला, “रोज पुढंच वढतुयास. आधी मागं फिरीव की. जितकं जाईल तितकं.”

मी मागे फिरवलं. केसभर गेलं. पुढे ओढलं, दोन केस आलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. तासाभराने आतून करकर आवाज येऊन चाक वीतभर हललं आणि मी मटकन खाली बसलो. दादा उठून आला आणि त्याने डावा हात चाकावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून डबा दारात दिसला नाही. तो आत, इंजिनाशेजारी आला होता.

मग काम पळायला लागलं. पिस्टनच्या रिंगा मोडल्या होत्या, त्या मापाच्या कुठे मिळत नव्हत्या, म्हणून एका लेथवाल्याकडून करून घेतल्या. डिझेलचा फवारा मारणारं नोझल साफ करून तपासून आणलं. सिलिंडर आणि त्याचं झाकण यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट लागतं. ते बाजारात असण्याचा प्रश्नच नव्हता. तांबट आळीत एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने माप बघितलं आणि विचारलं, “कसला बंब आहे हा?” मी म्हणालो, बंब नाही, इंजिन आहे. तो म्हणाला, “आमच्याकडे बंब करतात,” आणि पत्रा कापायला घेतला. त्याने ते गॅस्केट लालभडक तापवून पाण्यात बुडवलं, म्हणजे तांबं मऊ होतं. पेपरात गुंडाळून दिलेलं ते गॅस्केट मी बसमध्ये मांडीवर ठेवून नेलं. दादाने ते उजेडाला धरून बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, “बाबा बघाय पाह्यजे हुते.” आमच्यात त्या तीन महिन्यांत झालेलं सर्वांत मोठं बोलणं ते.

आणि मग मी लिव्हर सुटी केली.

लिव्हर उचलली की तिचं टोक एका खाचेत बसतं आणि ती वर अडकून राहते, अशी मुळात रचना. म्हणजे खरं तर माणसाने धरायची गरजच नाही. मी ती खाच रॉकेलने पुसली आणि बघतच राहिलो. खाच झिजून गुळगुळीत झाली होती. मी लिव्हर पुन्हा बसवली, उचलून खाचेत टेकवली आणि इंजिनाला बुक्की मारली. लिव्हर आपोआप खाली पडली. पुन्हा टेकवली, पुन्हा बुक्की मारली. पुन्हा पडली.

दादा तेव्हा जेवायला गेला होता. मी त्या शेडमध्ये एकटाच, लिव्हर पाडत आणि उचलत उभा होतो. मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. पंचेचाळीस वर्षांनी कोणीतरी कोर्टात माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखं वाटलं. खाच झिजलेली होती! लिव्हर आपोआप सुटत होती! मी मोबाईल काढून तिचे चार बाजूंनी फोटो घेतले.

घरी जाताना बसमध्ये मी ते फोटो मोठे करकरून बघत होतो. म्हणजे त्या दिवशी माझी बोटं ढिली झाली नसती तरी लिव्हर सुटलीच असती. कदाचित आधी सुटली आणि मग माझी बोटं ढिली झाली. कदाचित मी उगाच स्वतःला इतकी वर्षं… नारायण पेठेत पोचेपर्यंत माझी अर्धीअधिक निर्दोष सुटका झाली होती.

बायकोला अपघाताची अर्धी गोष्ट माहीत होती, दादाने सांगितलेली, अंगठ्याची. मी तिला फोटो दाखवले आणि खाचेचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं.

“मला का सांगताय?” तिने विचारलं.

“म्हणजे, त्यात कोणाचीच चूक नव्हती, असं निघतंय.”

“मग हे त्यांना सांगा. माझा हात चांगला आहे.”

असो.

मी सांगितलं नाही. बाकीचं सगळं काम उरकलं, ती खाच मात्र तशीच ठेवली. वेल्डिंगने भरून कानशीने घासायचं, अर्ध्या तासाचं काम. पण ती भरली असती तर माझा पुरावाच गेला असता. मी रोज ठरवून जायचो आणि मूग गिळून परत यायचो. पाडवा चार दिवसांवर आला. शेडच्या भिंतीवर आतून बिल्डरच्या माणसाने लाल रंगाने फुली मारून ठेवली होती.

त्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा दादा शेडच्या छपरावर चढून धुराच्या पाइपाला डबा बांधत होता. हा डबा आमच्या लहानपणी सगळ्या गिरण्यांना असायचा. पाइपाच्या तोंडावर रिकामा डबा तारेने सैल अडकवायचा. धूर आला की तो उडतो आणि आपटतो, त्याची पुक-पुक लांबवर ऐकू जाते आणि गिरणी सुरू झाल्याचं वस्तीला कळतं. प्रत्येक गिरणीच्या डब्याचा आवाज वेगळा असायचा. आता कोणाला काय कळवायचं होतं कोण जाणे. पण दादा डाव्या हाताने तार पिळत होता आणि पालथ्या उजव्या हाताने डबा दाबून धरत होता, आणि ते बघून मला कळलं की आज नाही तर मी कधीच सांगणार नाही.

तो खाली उतरला. मी इंजिनापाशी लिव्हरवर हात ठेवून उभा होतो.

“दादा, हे बघ,” मी म्हणालो. “ही खाच. पार झिजलेली आहे. लिव्हर थांबतच नाही. बुक्की मारली तरी पडते. म्हणजे त्या दिवशीसुद्धा…”

दादाने खाचेकडे बघितलंही नाही.

“ती खाच इंजिन आणलं तवापासनं झिजलेली हाय,” तो म्हणाला. “म्हणून तर बाबा तिथं माणूस हुभा करायचे.”

चार फोटो होते माझ्याकडे.

मग मी म्हणालो, “मी सोडली होती, दादा. तू सांगायच्या आधी. मला राग आला होता.”

“म्हाईत हाय.”

“कसं?”

“फिरवणाऱ्याचं ध्यान कुठं असतं? हँडलवर नसतं. लिव्हर धरणाऱ्याच्या बोटांवर असतं. मी बघत हुतो तुझ्या बोटांकडं.”

वहिनी चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच थांबली. ती आत आली नाही आणि परतही गेली नाही.

“मग बाबांना का नाही सांगितलंस?” मी विचारलं. “अंगठा चुकला असं का म्हणालास?”

दादा त्याच्या पालथ्या डब्यावर बसला. तो उजव्या हाताकडे बघत होता, तो हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

“बाबांनी तुला जिवंत सोडला नसता तवा. म्हटलं, हात बरा झाला की आपणच धरून मारू.” त्याने पालथा हात मांडीवर ठेवला. “हात बरा झालाच न्हाई.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, आणि दोन्हींपैकी काय आवरावं हे कळेना. दादा हसला नाही.

“राग हुता,” तो म्हणाला. “लई वर्षं हुता. तू कारखान्याचा ड्रेस घालून यायचास, तवा मी गिरणीतनं बाहेर यायचो न्हाई. तुला वाटायचं मी कामात हाय.”

“तसंच वाटायचं.”

“कामात नसायचो.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने पालथ्या हातानेच थांबवलं. “चहा घे. निवतोय.”

आम्ही चहा प्यालो. मग दादा उठला, चाकांवरून फडकं फिरवलं, टाकीतलं पाणी बघितलं, तेलाचे थेंब पडतात का ते बघितलं. हँडल दांड्यात अडकवलं. वहिनीने कप खाली ठेवले, पदर खोचला आणि जुन्या सवयीने ती लिव्हरशी येऊन उभी राहिली.

“तू नगं,” दादा तिला म्हणाला. “त्याला धरू दे.”

मी घाईघाईने म्हणालो, “दादा, खाच भरायची राहिली आहे. आज भरून आणतो, उद्या सुरू करू. ती थांबत नाही रे.”

“म्हणून तर म्हणतोय,” दादा म्हणाला. “धर.”

मी लिव्हर उचलून धरली. त्याआधी हात शर्टाला पुसला. दादाने डाव्या हाताने हँडल धरलं, अंगठा बोटांच्या बाजूला. फिरवायला लागला. चाकं जड हलली, मग सैल झाली, मग घुमायला लागली. तो माझ्या बोटांकडे बघत होता. सहासष्ट वर्षांचा माणूस, मानेच्या शिरा फुगलेल्या.

“सोड!”

मी सोडली नाही. बोटं उघडेनात.

“सोड, सोड!”

चाकं हळूहळू थांबली. दादा हँडलवर वाकून धापा टाकत राहिला. वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती.

“सोड म्हटलं की सोडायचं,” दादा म्हणाला.

“भीती वाटली.”

“ती त्या दिवशी वाटाय पाह्यजे हुती.”

त्याने घाम पुसला. हातावर थोडी माती घेऊन चोळली आणि पुन्हा हँडल धरलं. मी लिव्हर उचलली. तो फिरवायला लागला. पण या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मान वळवून तो पलीकडच्या भिंतीकडे, त्या लाल फुलीकडे बघत फिरवत राहिला. माझी बोटं त्याला दिसत नव्हती. त्याचा चांगला हात, राहिलेला एकच, हँडलवर होता. चाकं घुमत गेली, जमीन थरथरायला लागली आणि तो भिंतीकडे बघतच ओरडला, “सोड!”

मी सोडली.

एक ठोका चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्याला इंजिनाने धरलं. छपरावर डबा उडाला आणि आपटला, पुन्हा उडाला, पुन्हा आपटला. शेडमध्ये काळा धूर भरला आणि वहिनी खोकता खोकता हसायला लागली. दादाने हँडल काढून घेतलं, बाजूला ठेवलं आणि कान देऊन ठोके ऐकत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अजून तिथेच उभा होतो, बोटं उघडी, हात लिव्हरच्या उंचीवर तसाच वर धरलेला.

“हात खाली घे आता,” दादा म्हणाला.